लाईट गेली, रॅट वितळले, सापानं ओकलं: खान्देशच्या उन्हाळ्यात सापाचं गोठवलेलं खाद्य कसं सांभाळावं

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याचा बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा बिनविषारी अजगर, घरीच राहिला. जाताना त्यानं फ्रीझरमध्ये गोठवलेले पांढरे रॅट, म्हणजे मोठ्या जातीचे उंदीर, भरून दिले आणि दर पंधरा दिवसांनी एक द्यायला सांगितलं. मे महिन्यात एकदा रात्री लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. ताईंनी फ्रीझर उघडला तर पिशव्यांत पाणी सुटलेलं, रॅट मऊ पडलेले. लाईट आल्यावर ते पुन्हा दगडासारखे झाले, म्हणून त्यांनी तसेच ठेवले. नंतर त्यातला एक काढून दोन तास ओट्यावर ठेवला, वरून मऊ लागला तसा कढत पाण्यात बुडवून सापाला दिला. तिसऱ्या दिवशी सापानं तो ओकून टाकला. आता त्यांचे प्रश्न असे: उरलेले रॅट चालतील का? वितळवायची नीट पद्धत कोणती? सासूबाई म्हणतात हे घरच्या फ्रीजमधून काढ, त्याचं काय करू? आणि शेतावरचा गडी म्हणतो, आपल्याकडचे उंदीर पकडून देतो, ते गोठवले तर?

ताई, मी जळगावात पशुवैद्यक आहे. गाई-म्हशी आणि कुत्र्या-मांजरांबरोबर गेली काही वर्षं पाळीव सापही माझ्याकडे येतात आणि घरी माझे स्वतःचे दोन बॉल पायथन आहेत. तुम्ही सांगितलेली हकिकत मी दर मे-जूनमध्ये दोन-चार वेळा तरी ऐकतो. तेव्हा आधी तातडीचं सांगतो: उरलेले सगळे रॅट फेकून द्या. आजच. पैसे गेल्याचं वाईट वाटेल, पण त्यातला एकही सापाला देऊ नका.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. आपण कोंबडी किंवा मासा फ्रीझरमध्ये ठेवतो तो साफ करून, आतडी काढून. रॅट मात्र अख्खा ठेवलेला असतो, पोटातल्या सगळ्या घाणीसकट. आतड्यात कोट्यवधी जीवाणू असतात. फ्रीझरमध्ये ते मरत नाहीत, नुसते झोपतात. उणे १८ अंशाला त्यांची वाढ थांबते, एवढंच. रॅट वितळला की ते जागे होतात आणि आतून पोट कुजवायला लागतात. पाच अंशांच्या वर गेलं की ही वाढ सुरू होते आणि तीसच्या पुढे ती फार झपाट्यानं होते. पुन्हा गोठवलं की कुजणं थांबतं, पण कुजलेलं काही परत ताजं होत नाही. वरून पाहिलं तर रॅट पांढराशुभ्र, कडक, छान दिसतो. वासही येत नाही, कारण गोठलेल्या वस्तूला वास कुठून येणार?

मी स्वतः यात एकदा फसलो आहे. लग्नसराईत आम्ही दोन दिवस धुळ्याला होतो. परत आलो तर घरचं घड्याळ चुकलेलं, म्हणजे लाईट बराच वेळ गेली होती हे कळलं. फ्रीझर उघडला, सगळं कडक. पिशव्यांच्या तळाशी गुलाबी बर्फाचा पातळ थर जमलेला दिसला, पण मी तिकडे दुर्लक्ष केलं. तो थर म्हणजे वितळलेल्या रॅटमधून सुटलेलं रक्ताचं पाणी होतं आणि तेच पुन्हा गोठलं होतं. त्या आठवड्यात माझ्या मादीनं ओकलं, नंतर पुन्हा एकदा ओकलं, आणि तिला सावरायला मला अडीच महिने लागले. तेव्हापासून माझ्या फ्रीझरमध्ये एक स्टीलची वाटी असते. वाटीत पाणी गोठवायचं आणि वर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. बाहेरगावाहून आल्यावर नाणं वरच असेल तर निर्धास्त. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं, की मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय हे निश्चित. हे आजच करून ठेवा, यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

आता तुमच्या हातून झालेली दुसरी गोष्ट, ओट्यावर ठेवण्याची. बाहेरच्या देशांतली माहिती वाचून मुलं सांगतात की रॅट खोलीच्या तापमानाला वितळू द्यावा. त्यांची खोली वीस-बावीस अंशांची असते. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, आणि कूलर नसलेलं स्वयंपाकघर दुपारी चाळिशीला टेकतं. अशा ओट्यावर ठेवलेल्या रॅटची कातडी अर्ध्या तासात कोमट होते, पोट मात्र अजून बर्फच असतं. मग आतलं बर्फ सुटेपर्यंत थांबावं तर बाहेरचं मांस तासभर उबेत सडत बसतं. न थांबता द्यावा तर सापाच्या पोटात बर्फाचा गोळा जातो. साप थंड रक्ताचा, त्याचं पचन पूर्णपणे बाहेरच्या उबेवर चालतं. पोटात थंड गोळा गेला की पचन मंदावतं, आणि रॅट पचण्याऐवजी आतल्या आत कुजायला लागतो. मग साप तो बाहेर टाकतो. तुमच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकत्र आल्या असं मला वाटतं: रॅट आधीच एकदा वितळलेला, आणि वर मधे बर्फ राहिलेला. कढत पाण्यानं तर कातडी शिजते आणि पोट फुटतं, आतलं तसंच राहतं.

मायक्रोवेव्हचा विचारही करू नका. तो एका ठिकाणी शिजवतो, दुसरीकडे बर्फ ठेवतो, आणि रॅट आत फुटला तर सासूबाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरेल.

मी कसं वितळवतो ते सांगतो. तुमचा साप साधारण अकराशे ग्रॅमचा आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याला साठ ते ऐंशी ग्रॅमचा रॅट पुरतो, म्हणजे सापाच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग जेवढा, साधारण तेवढ्याच जाडीचा. खायला देण्याच्या आदल्या रात्री, झोपण्याआधी, एक रॅट पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात घाला आणि फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. खालच्या यासाठी, की चुकून पाणी सुटलं तर ते दुसऱ्या कशावर गळू नये. फ्रीजमध्ये चार अंश असतं, तिथे तो हळूहळू, आतून बाहेरून एकसारखा सुटतो. एवढ्या रॅटला दहा-बारा तास लागतात, मोठ्या अडीचशे ग्रॅमच्या रॅटला पूर्ण दिवस. उंदराच्या नवजात गुलाबी पिल्लाला, ज्याला पाळणारी मुलं पिंकी म्हणतात, दीड-दोन तास पुरे. फ्रीजमध्ये सुटलेला रॅट त्याच दिवशी वापरायचा, उद्यावर टाकायचा नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा काढा आणि हातमोजा घालून, पिशवीवरूनच, रॅटचं पोट अंगठा आणि बोट यांच्यात धरून हलकेच दाबा. नीट सुटलेलं पोट भिजलेल्या कणकेसारखं लागतं, बोटाखाली दबतं. मधे आंब्याच्या कोयीसारखं टणक काही लागलं, की समजा बर्फ आहे. छाती आणि मागच्या मांड्यांमध्येही असंच चाचपून बघा. कोय लागली तर पिशवी तोंड बांधून थंड पाण्यात अर्धा तास ठेवा.

इथे एक गोष्ट खास आपल्याकडची. थंड पाणी म्हणजे नळाचं पाणी असं समजू नका. मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापलेलं असतं, संध्याकाळी सातलाही ते कोमटच येतं. एका गृहस्थांनी मला शपथेवर सांगितलं की मी थंड पाण्यातच वितळवतो. मी त्यांच्या घरी थर्मामीटर लावून पाहिलं, नळाला एकोणचाळीस अंश! तेव्हा बादलीत बर्फाचे चार तुकडे टाका, किंवा माठातलं पाणी ग्लासानं काढून वेगळ्या भांड्यात घ्या. माठात काही बुडवायचं नाही, हे सांगायला नको.

रॅट आतपर्यंत सुटला, की अगदी शेवटी, सापासमोर धरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं, त्याला ऊब द्यायची. पाणी चाळीस अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर बाळाच्या आंघोळीचं पाणी आपण कोपर बुडवून बघतो ना, तसं बघा. कोपराला सुखद लागलं की बरोबर. रॅट पिशवीतच असू द्या, म्हणजे केस ओले होत नाहीत आणि वास धुऊन जात नाही. बॉल पायथनच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यांतून त्याला ऊब जाणवते. रॅट जिवंत प्राण्याइतका, म्हणजे सदतीस-अडतीस अंशाला आला की तो झडप घालतो. आजूबाजूचं सगळंच तापलेलं असेल तर ती ऊब त्याला उठून जाणवत नाही, म्हणून उन्हाळ्यात रात्री नऊनंतर, कूलर चालू असताना खायला घाला. लांब चिमट्यानं मानेपाशी धरून, डोकं सापाकडे करून. हातात धरून कधीच नाही.

त्यानं खाल्लं नाही तर? हिवाळ्यात मी रात्रभर ठेवतो. उन्हाळ्यात तासाभरात उचलतो, त्याच्यापुढे नाही. बत्तीस अंशांच्या वर कच्चं मांस तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, हा नियम माणसांच्या अन्नासाठी आहे आणि सापालाही तोच लावा. उचललेला रॅट परत फ्रीजमध्ये नको, फ्रीझरमध्ये तर नकोच. दोन पिशव्यांत बांधून घंटागाडीत द्या, किंवा शेतात पुरायचा असेल तर दोन फूट खोल, नाहीतर कुत्री उकरतात. ताई, प्रौढ बॉल पायथन एक-दोन महिने न खाता सहज राहतो. मेमध्ये त्यानं तोंड फिरवलं तर जबरदस्ती करू नका आणि घाबरूही नका.

आता ओकलेल्या सापाबद्दल. ओकताना पोटातलं आम्ल वर येतं, अन्ननलिका सोलवटते, आणि पोटातले उपयोगी जीवाणूही बाहेर पडतात. लगेच खायला दिलं की तो पुन्हा ओकतो, आणि हेच मला सगळ्यात जास्त दिसतं, कारण घरच्यांना वाटतं बिचाऱ्याचं पोट रिकामं आहे. कमीत कमी दोन आठवडे काही देऊ नका. मी तर तीन आठवडे सांगतो. ताजं पाणी कायम असू द्या. हात लावू नका. चौदा-एकवीस दिवसांनी नेहमीच्या निम्म्या आकाराचा, नव्या खरेदीतला रॅट द्या. तो पचला, विष्ठा नीट झाली, की मग हळूहळू पूर्ण आकारावर या. दुसऱ्यांदा ओकला, तोंडातून बुडबुडे किंवा चिकट लाळ दिसली, किंवा अंग फार सैल लागलं, तर सरळ घेऊन या. येताना विष्ठा किंवा ओकलेलं डबीत घेऊन या, त्यावरून बरंच कळतं. आणि एक बघा, मुलानं लावून दिलेली गरम मॅट अजून चालू तर नाही ना? सापाला गरम बाजू बत्तीस आणि थंड बाजू सव्वीस-सत्तावीसच्या आसपास हवी. आपल्याकडे मेमध्ये गरम बाजू फुकटात मिळते, थंड बाजू कमवावी लागते. पिंजऱ्यात पस्तीसच्या वर गेलं तरी साप ओकतो.

सासूबाईंच्या म्हणण्याकडे येतो. त्या बरोबर आहेत, आणि शाकाहारी घर असो नसो, मी हेच म्हटलं असतं. गोठवलेल्या उंदरांवर साल्मोनेला नावाचा जीवाणू असू शकतो आणि तो माणसाला लागतो: ताप, मुरडा, जुलाब. अमेरिकेत २०१० आणि २०१४ साली सापांसाठी विकल्या जाणाऱ्या गोठवलेल्या उंदरांमुळे माणसांमध्ये अशी साथ पसरली होती, आणि आजाऱ्यांत लहान मुलं बरीच होती. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांना याचा धोका जास्त. म्हणून वेगळा छोटा डीप फ्रीझर घ्या. आइस्क्रीमच्या दुकानातला जुना, झाकण वर उघडणारा मिळाला तर उत्तम. झाकण वर असलं की थंड हवा खालीच बसून राहते, उघडल्यावर बाहेर वाहून जात नाही. वितळवण्यासाठी लागणारा फ्रीजचा कप्पाही वेगळा करता आला तर बरं. तोवर घट्ट झाकणाचा डबा, डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, आणि तो डबा दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. बादली, चिमटा, पिशव्या सगळं वेगळं. धुण्याचं काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको, मागच्या मोरीत करा. नंतर ब्लीचचं पाणी, एक लिटरला दोन मोठे चमचे, दहा मिनिटं ठेवून धुऊन टाका. हात साबणानं वीस सेकंद.

फ्रीझरमध्ये ठेवण्याची पद्धतही सांगून ठेवतो. प्रत्येक पिशवीत एकच रॅट, हवा दाबून काढलेली, आणि पिशवीवर तारीख. हवा राहिली की बर्फाचे कण बसतात आणि मांस सुकून चामड्यासारखं होतं. दहा-दहा एका पिशवीत भरले की एक काढायला सगळे बाहेर आणावे लागतात, आणि आपल्या हवेत तेवढ्या वेळात वरचे सुटायला लागतात. सहा महिन्यांपेक्षा जुने ठेवू नका. फ्रीझरमध्येही चरबी हळूहळू खवट होत जाते आणि ई जीवनसत्त्व कमी होतं. पिवळट पडलेला, खवट तेलासारखा वास येणारा रॅट टाकून द्या. फ्रीझर रिकामा ठेवू नका, उरलेल्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. भरलेला फ्रीझर झाकण न उघडता दीड-दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. आपल्या मेमध्ये याच्या निम्मंच धरा.

लाईट गेली की पहिलं काम म्हणजे झाकण न उघडणं. उघडून बघण्याचा मोह सगळ्यांना होतो. घरगुती इन्व्हर्टरवर फ्रीझर सहसा चालत नाही, कारण कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम जास्त वीज खेचतो. लाईट सहा तासांत येणार नाही असं दिसलं, तर जुना उपाय आहे. कुल्फीवाला हंडीत काय करतो आठवतंय? फोडलेल्या बर्फात खडेमीठ घालतो. बर्फ तीन भाग, मीठ एक भाग. नुसता बर्फ शून्याच्या खाली नेऊ शकत नाही, मीठ घातलं की तो उणे पंधरा-अठरापर्यंत उतरतो. थर्माकोलच्या डब्यात हे भरून मधे पिशव्या ठेवल्या की रात्र निघते. पिशव्यांची तोंडं मात्र पक्की बंद हवीत, खारं पाणी आत गेलं तर रॅट वाया. मागच्या वर्षी वादळात चौदा तास लाईट नव्हती तेव्हा माझ्याकडच्या एकोणीस रॅटपैकी एकही मऊ पडला नाही.

बारा तासांनी झाकण उघडल्यावर निवड अशी करा: दाबून पोट दगडासारखं लागतंय, तो ठेवा. वरून किंचित ओलसर पण पोट टणक आहे, तो फ्रीजमध्ये टाकून दुसऱ्या दिवशी सापाला द्या. पोट दबतंय आणि तो किती वेळ तसा होता हे माहीत नाही, तो गेला.

मागवायची वेळही बदला. आपल्याकडे हे गोठवलेले रॅट पुण्या-मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं थर्माकोलच्या डब्यात येतात. मेमध्ये गाडी दोन तास उशिरा आली आणि डबा डिकीत राहिला की खेळ संपला. मी वर्षातला सगळ्यात मोठा साठा डिसेंबर-जानेवारीत मागवतो, तेव्हा आपल्याकडे रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली जातो. उन्हाळ्यापुरतं त्यातलंच जपून वापरतो आणि एप्रिलनंतर नवीन मागवत नाही. डबा हातात पडला की तिथेच उघडून दोन-तीन पोटं दाबून बघा. मऊ लागली तर घेऊ नका, भीड बाळगू नका. कोरड्या बर्फात, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये, आला असेल तर उघड्या हातानं त्याला स्पर्श करू नका, आणि बंद गाडीत किंवा बंद खोलीत तो डबा ठेवू नका. त्यातून सुटणाऱ्या वायूनं माणूस गुदमरतो.

गड्याला प्रेमानं नाही म्हणा. शेतातले उंदीर गोठवून कधीही देऊ नका. आपल्या भागात कपाशीला, केळीला, धान्याच्या कणगीपाशी झिंक फॉस्फाइड हे उंदरांचं विष टाकतात, घरात ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या विषाच्या वड्या ठेवतात. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस हिंडतो, आणि ते विष त्याच्या यकृतात साठलेलं असतं. तो गोठवला तरी विष तसंच राहतं. वर लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून माणसाला होणाऱ्या तापाची भीती, आणि ती पकडणाऱ्या गड्याला आधी. गोठवल्यानं काही जंत मरतात हे खरं, पण त्या भरवशावर एवढा धोका घेऊ नका.

शेवटी मुलाला एक निरोप द्या. बॉल पायथन सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, आणि वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आलेल्या २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. त्यानं केली असेल तर कागदाची प्रत तुमच्याकडे असू द्या, नसेल तर आधी ते. आपले नाग, धामण, अजगर यांना घरी ठेवायला परवानगीच नाही, आणि कुणी शेजारी पाहून तक्रार केली तर कागद तुमच्याच हातात हवा.

आज रात्री उरलेले रॅट टाकून द्या, फ्रीझर धुवा, वाटीत पाणी आणि नाणं ठेवा. सापाचं वजन करून मला कळवा, स्वयंपाकघराचा नव्हे, वेगळा काटा वापरा. दोन आठवड्यांनी पुन्हा वजन करा. शंभर ग्रॅमहून जास्त घटलं असेल तर निम्म्या आकाराचा रॅट देण्याआधी मला दाखवून जा.